वाचकांचे प्रश्न : माळ्यावरचे पंखे, जुना बाजार आणि एक स्प्लिट पिन

मागच्या अंकात जुने सीलिंग फॅन दुरुस्त करायच्या माझ्या छंदावर पानभर लिहिलं होतं. त्यात सांगणं एवढंच होतं की ५०-६० वर्षांचा पंखा भंगारात द्यायच्या आधी एकदा उघडून बघा, बऱ्याच वेळा कपॅसिटर आणि बेअरिंगवर भागतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की हा महिना सगळा पंख्यांनाच द्यावा लागतोय. बऱ्याच जणांनी मला 'काका' म्हणून लिहिलंय. काका नाही हो, मावशी म्हणा.

प्रश्न : नमस्कार काका, नारायण पेठेतला आमचा वाडा आता रिडेव्हलपमेंटला चाललाय. माजघरात आजोबांच्या वेळचा पंखा आहे, क्रीम कलरचा, भयंकर जड. घरात सगळे सांगतात की पानशेतच्या पुरात तो पाण्याखाली होता. गेली पंधराएक वर्षं बंदच आहे. उतरवून सरळ प्लग लावून बघू का? आणि पुरात बुडालेल्या पंख्याच्या नादी लागण्यात अर्थ आहे का?

उत्तर : सरळ प्लग नका लावू. इतकी वर्षं बंद असलेल्या पंख्यात वाइंडिंगने, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळ्यांनी, ओल धरलेली असते, वायरींवरचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, बेअरिंगमधलं ग्रीस वाळून गेलेलं असतं, आणि अशा अवस्थेत त्याला एकदम २३० व्होल्ट दिले की जे वाइंडिंग नीट वाळवलं असतं तर अजून वीस वर्षं चाललं असतं ते दोन मिनिटांत जळतं, मग माणूस म्हणतो पंखाच खराब होता.

आधी उतरवताना मेन स्विच बंद करा, नुसतं पंख्याचं बटन नाही, कारण जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये बटन फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेलं सर्रास सापडतं आणि मग बटन बंद असूनही पंख्यात करंट असतो. किटकॅट (चिनी मातीचा) फ्यूज असेल तर तो काढून खिशात ठेवा. खाली दोन माणसं हवीत. बिडाच्या बॉडीचा पंखा एकट्याने शिडीवर उभं राहून पेलायचा नसतो.

खाली आला की हाताने फिरवून बघा. मोकळा फिरून हळूहळू थांबला तर उत्तम, खरखर आली तर बेअरिंग, मध्येच अडकला तर आत काहीतरी घासतंय. मग उघडा. उघडायच्या आधी वरच्या आणि खालच्या झाकणावर समोरासमोर सुईने एक रेघ ओढून ठेवा, जोडताना ती रेघ जुळवायची, नाहीतर होतं काय की झाकण बसतं पण एका बाजूला किंचित वाकडं आणि मग पंखा जन्मभर घूं करतो. स्क्रू निघत नसतील तर रात्रभर डिझेल किंवा गंज सोडवायचं तेल सोडून ठेवा, घाई केलीत तर स्क्रूची खाच जाते आणि मग ड्रिलशिवाय इलाज नाही. आणखी एक, इंग्लंडहून आलेल्या किंवा त्या पद्धतीच्या जुन्या पंख्यांना इंची आटे असतात. त्यात हल्लीचा एमएमचा स्क्रू 'बसतोय की' म्हणून पिळू नका, आटे खाऊन टाकतो. जुना स्क्रू खिशात घालून बोहरी आळीत जा, तिथे बसवून बघून घ्या.

सीलिंग फॅनमध्ये मधला भाग, म्हणजे स्टेटर, दांड्याला पक्का असतो आणि बाहेरची बॉडीच रोटर असते, ती फिरते. वाइंडिंग मधल्या भागावर. त्यातून तीन वायरी बाहेर येतात : कॉमन, रनिंग, स्टार्टिंग. कपॅसिटर सोडवून मल्टिमीटरने तिन्ही जोड्यांचा ओहम बघा. ज्या जोडीत सगळ्यात जास्त येईल ती रनिंग आणि स्टार्टिंगची जोडी, उरलेली तिसरी ती कॉमन. एखाद्या जोडीत काहीच आलं नाही तर कॉइल कुठेतरी तुटलीये. मग रिवाइंडिंगच्या, म्हणजे नवी तार भरून देणाऱ्या, दुकानात जाऊन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वाइंडिंग ते बॉडी चेक करून घ्या. निदान दोन मेगओहम हवेत, चांगला कोरडा पंखा त्याच्या कितीतरी वर दाखवतो. कमी आलं तर लगेच रिवाइंड करू नका, आधी वाळवा. पूर्वीचे कारागीर खोक्यात १०० वॉटचा बल्ब लावून स्टेटर दिवसभर त्यात ठेवायचे. तसा बल्ब आता शोधावा लागतो, पण पुण्यातलं एप्रिलचं गच्चीवरचं ऊनही बरंच काम करतं. मेगर पास झाला की पहिल्यांदा सिरीज बल्ब लावून, म्हणजे पंख्याच्या एका वायरीत मध्येच बल्ब जोडून, चालू करा, डायरेक्ट नाही. बल्ब मंद लागला आणि पंखा रेंगाळत फिरायला लागला तर ठीक, बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, बंद करा.

आता पुराचं. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी वरच्या मजल्यांपर्यंत गेलं होतं, म्हणजे तुमच्या घरातली गोष्ट खरी असू शकते. नुसत्या पाण्याने वाइंडिंग मरत नाही, गाळाने बेअरिंग मरतात आणि ओलं असताना कुणी करंट दिला तर वाइंडिंग मरतं. माझा अंदाज असा की पुरानंतर तो पंखा रिवाइंड झाला असणार. उघडलात की कळेल. कॉइलच्या तारेवर सुती दोऱ्याचं वेष्टण असेल किंवा सगळ्या कॉइल काळपट वार्निशमध्ये नीट बुडवलेल्या आणि दोऱ्याने एकसारख्या बांधलेल्या असतील तर कंपनीचं काम. रंगीत प्लास्टिकच्या नळ्या आणि टेप दिसली तर नंतरच्या कुणाचं. गाळ मात्र अजून सापडतो. झाकणाच्या आतल्या कडेला तपकिरी, अगदी बारीक मातीचा थर असेल तर पुसायच्या आधी एक फोटो काढा आणि मला पाठवा.

नादी लागण्यात अर्थ आहे का म्हणाल, तर बॉडी आणि दांडा शाबूत असेल तर आहे. बाकी सगळं मिळतं.

प्रश्न : माझ्याकडे तीन जुने पंखे आहेत. विकणारा म्हणाला एक ब्रिटिशकालीन आहे. नक्की कुठल्या सालचा हे कसं ओळखायचं? पाटीवर साल नाहीये. – एक वाचक, कॅम्प

उत्तर : विकणाऱ्यांचे सगळे पंखे ब्रिटिशकालीनच असतात हो. साल लिहिलेलं नसतंच सहसा, पण पाटी बरंच बोलते.

पात्यांचा घेर इंचांत लिहिलाय की एमएममध्ये? ४८ इंच म्हणजेच १२०० एमएम, ५६ म्हणजे १४००. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ चा, आणि त्यानंतर काही वर्षं बदल चालू होता, त्यामुळे फक्त इंच असतील तर पंखा बहुधा साठच्या दशकाच्या सुरुवातीचा किंवा आधीचा. 'सायकल्स' लिहिलंय की 'हर्ट्झ'? हर्ट्झ हे नाव १९६० ला अधिकृत झालं आणि आपल्या पाट्यांवर यायला त्याहून उशीर लागला. आयएसआयचा शिक्का असेल तर तो पंखा स्वातंत्र्यानंतरचाच, कारण ती संस्थाच १९४७ ची आणि शिक्का द्यायचा कायदा १९५२ चा, त्यामुळे शिक्का असलेला पंखा कुणी ब्रिटिशकालीन म्हणून विकत असेल तर चहा पिऊन निघा. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. कलकत्ता लिहिलेलं असणं ही काही खास खूण नाही, ते २००१ पर्यंत कलकत्ताच होतं, आणि पंख्यांचं मोठं गाव तेच. उषा तिकडचे, ओरिएंट तिकडचे.

एक गडबड नेहमी होते. पाटीवर 'आयएस ३७४' आणि पुढे साल असतं, लोक ते पंख्याचं जन्मसाल समजतात. ३७४ हा सीलिंग फॅनच्या भारतीय स्टँडर्डचा नंबर, आणि पुढचं साल त्या स्टँडर्डच्या आवृत्तीचं. १९७९ लिहिलं असेल तर पंखा १९७९ च्या आधीचा नाही एवढंच कळतं, नव्वद सालचाही असू शकतो.

पाटीचे रिव्हेट नवे चकचकीत असतील आणि पाटी जुनी, तर पाटी दुसऱ्या पंख्याची.

प्रश्न : ताई, वडिलांचा ५६ इंची पंखा चालू केलाय, पण नव्या पंख्याच्या मानाने फारच हळू फिरतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो मोठा कपॅसिटर टाकू, पळेल. टाकू का?

उत्तर : नका टाकू. आधी आहे तो कपॅसिटर मोजा. त्यावर २.२५ किंवा २.५ एमएफडी (मायक्रोफॅरड) असं काहीतरी लिहिलेलं असेल, मल्टिमीटरच्या कपॅसिटर रेंजवर बघितलं आणि सव्वा-दीड आला तर गेला, त्याच आकड्याचा नवा टाका. तापकीर गल्लीत शंभराच्या आत मिळतो. मोजायच्या आधी त्याची दोन्ही टोकं इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने जोडून डिस्चार्ज करा, आणि अगदी जुना पत्र्याच्या डब्यातला कपॅसिटर असेल तर तो आत काय आहे बघायला कापू नका, त्या काळच्या काही कपॅसिटरमधलं तेल विषारी असायचं.

कपॅसिटर बरोबर असून हळू फिरत असेल तर तो त्याचा स्वभाव आहे. मोटरचा वेग पोलवर, म्हणजे वाइंडिंगने तयार होणाऱ्या चुंबकी ध्रुवांच्या संख्येवर, ठरतो. आपल्या ५० हर्ट्झवर १४ पोलच्या मोटरची वरची मर्यादा मिनिटाला ४२८ फेरे, १६ पोलची ३७५, १८ पोलची ३३३, आणि प्रत्यक्षात पंखा त्याच्याही खालीच फिरतो. जुन्या पंख्यांना पोल जास्त आणि पाती रुंद, म्हणजे हळू फिरून जास्त हवा ढकलायची. मोठा कपॅसिटर टाकला की थोडा पळाल्यासारखा वाटेल पण स्टार्टिंगचं वाइंडिंग तापत राहतं आणि एखाद्या मे महिन्यात वास येतो. उलटा फिरायला लागला तर मात्र घाबरू नका, रनिंग-स्टार्टिंगची अदलाबदल झालीये, कपॅसिटरची फेजकडची बाजू बदला.

प्रश्न : रविवारी जुन्या बाजारात एक छोटा, जाळीवाला, सुंदर पंखा दिसला. विकणारा म्हणे रेल्वेचा आहे, घरी लावता येतो. ८०० सांगतोय. घेऊ का?

उत्तर : दोन गोष्टी. रेल्वे डब्यातले पंखे बहुतेक ११० व्होल्ट डीसीवर चालतात. घरच्या २३० व्होल्ट एसीला लावलात तर एकदाच फिरेल. चालवायचाच असेल तर बरोबर व्होल्टचा डीसी सप्लाय लागतो, आणि इथे यूट्यूब बघून लोक एक घोळ करतात तो सांगून ठेवते. 'डीसीच पाहिजे ना' म्हणून घरचा २३० व्होल्ट ब्रिज रेक्टिफायरला देतात आणि पुढे मोठा कपॅसिटर लावतात. त्याने २३० चे २३० राहत नाहीत, साधारण ३२५ होतात. जुने २२० व्होल्ट डीसीचे, कार्बन ब्रशवाले पंखेही असेच जाळलेले मी बघितलेत. ब्रश आणि कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) दिसला की तो पंखा बाजूला ठेवा, माहीतगार माणसाशिवाय हात लावू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बॉडीवर रेल्वेचा शिक्का कोरलेला असेल तर विक्रेत्याकडे लिलावाची पावती मागा. रेल्वे भंगार लिलावाने विकते, त्यामुळे कायदेशीर माल बाजारात असतोच. पण रेल्वेची चोरीची वस्तू बाळगण्याविरुद्ध १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि 'मला माहीत नव्हतं' हे तिथे सांगत बसायची वेळ येऊ नये. पावती नाही म्हणाला तर पुढच्या गाळ्यावर जा, बुधवारी परत बाजार असतोच. साधे घरगुती पंखे तिथे भरपूर येतात, विशेषतः पेठांत एखादा वाडा पडला की. घेताना तीनही पाती त्याच पंख्याची आहेत का बघा. पात्यांच्या मुळाशी ठोकून काढलेले १, २, ३ चे आकडे किंवा टिंबं असतात. विक्रेते कुठलीही तीन पाती एकत्र बांधून देतात आणि पुढचा प्रश्न त्यातूनच जन्माला येतो.

प्रश्न : सगळं केलं, पण पंखा डुलतो. तीनवर ठीक, पाचवर टाकला की बायको हॉल सोडून जाते. – कोथरूड

उत्तर : बायकोचं बरोबर आहे, कारण सापडेपर्यंत पाचवर टाकूच नका.

आधी पाती धुवा. हसू नका, एका पात्यावर चिकट धूळ जास्त असली तरी पुरतं. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तिन्ही पाती वेगवेगळी तोला, फरक चार-पाच ग्रॅमच्या आत हवा. मग लावून, पंखा बंद असताना, एका काठीवर खूण करून छतापासून प्रत्येक पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. काठी एकाच जागी धरायची आणि पाती हाताने फिरवून तिच्यासमोर आणायची, कारण छत सगळीकडे सारखं नसतं. एखादं पातं पाच-सहा एमएमपेक्षा वरखाली असेल तर त्याची दांडी वाकलीये, ती काढून टेबलावर दुसऱ्या दांडीवर ठेवून जुळवायची, वर लटकलेल्या पंख्यावर हाताने वाकवायची नाही. हे सगळं बरोबर असेल तर शॅकलमधला (पंखा हुकाला अडकवायची यू-आकाराची कडी) रबरी बुश बघा, तो बहुतेक वेळा झिजून कागदासारखा झालेला असतो आणि पाच-दहा रुपयांत मिळतो.

तरीही किंचित हलेल. लांब दांड्याचा पंखा थोडा हलतोच, ते चालतं. बोल्टच्या जागी हिसका बसतोय का ते शिडीवरून बघा, हिसका नको.

प्रश्न : सूनबाई म्हणतात जुना पंखा वीज खातो, बीएलडीसी आणा. मला माझा पंखा आवडतो. निकाल द्या.

उत्तर : सूनबाई जिंकल्या, पण थोडक्यात. जुना पंखा ९० वॉटचा धरा, बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या डीसी मोटरचा नवा पंखा, ३० चा. रोज दहा तास लावला तर ०.९ युनिट विरुद्ध ०.३, म्हणजे महिन्याला साधारण १८ युनिटचा फरक. तुमच्या महावितरणच्या बिलावर जो दर असेल त्याने गुणा आणि ती रक्कम तुमच्या आवडीला परवडते का ते तुम्हीच ठरवा. माझ्या घरात झोपायच्या खोलीत बीएलडीसी आहे आणि बसायच्या खोलीत जुना. जुन्या बॉडीत बीएलडीसीची किट बसवून देणारे आहेत, माझ्या मते ते करण्यापेक्षा जुना पंखा तसाच कुणा शौकिनाला द्या.

आणि जुना, भिंतीवरचा मोठा काळा रेग्युलेटर ठेवावा का हेही तुम्ही विचारलंय. शोभेला ठेवा. त्यात रेझिस्टन्सची तार असते, पंखा हळू केला की वाचलेली वीज तिथेच उष्णता होऊन जाते, आणि आतल्या पांढऱ्या-करड्या पुठ्ठ्यात ॲसबेस्टॉस असू शकतं, तो खरवडू नका. कामाला स्टेपवाला कपॅसिटर रेग्युलेटर लावा. गोल फिरणाऱ्या साध्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर जुने पंखे गुणगुणतात.

प्रश्न : रिवाइंड करायला दिला होता. चार महिन्यांत इतका तापतो की बॉडीला हात लावता येत नाही. दुकानदार म्हणतो जुना पंखा आहे, तापणारच.

उत्तर : जुना म्हणून तापत नाही. कोमट होतो, हात ठेवता येतो. हात ठेवता येत नसेल तर मला दाट संशय तारेचा आहे. ॲल्युमिनियमची तार तांब्यापेक्षा स्वस्त आणि हलकी, पण तिची वीज वाहायची ताकद तांब्याच्या साधारण ६० टक्के, म्हणजे तेवढंच काम करायला जाड तार हवी, आणि जुन्या स्टेटरच्या खाचांमध्ये जाड तारेला जागाच नसते, मग तीच बारीक तार भरतात आणि ती तापते. वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते, दिसायला हुबेहूब. ओळखायचं सोपं आहे, उरलेल्या तुकड्याचं टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरं निघालं तर तांबं नाही.

पुढच्या वेळी देताना हे आधी बोला : तार तांब्याचीच, गेज म्हणजे जाडी जुन्याच तारेची मोजून, टर्न म्हणजे वेढे जुन्याच कॉइलचे मोजून. चांगला कारागीर जुनी कॉइल कापायच्या आधी टर्न मोजून वहीत लिहितो. 'अंदाजाने भरतो, रोजचंच काम आहे' म्हणणारा हल्लीच्या पंख्यांना ठीक असेल, १६ किंवा १८ पोलच्या जुन्या पंख्याला नाही. काढलेलं जुनं तांबं परत मागा किंवा वजन करून हिशोबात धरा, त्याला चांगला भाव आहे. वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवणार का तेही विचारा. नुसतं ब्रशने वरून फासलं तर आतल्या तारा हलत राहतात आणि इन्सुलेशन घासून जातं.

बेअरिंग बदलली असतील तर नंबर बघून घ्या. आपल्या पंख्यांत ६२०१ आणि ६२०२ खूप चालतात, पहिलीचा आतला व्यास १२ एमएम, दुसरीचा १५, त्यामुळे चुकीची बसतच नाही. पण हातोडीने ठोकून बसवली तर नवी बेअरिंगसुद्धा आठवड्यात आवाज करते. अगदी जुन्या, तेलाची वाटी असलेल्या पंख्यात बेअरिंगऐवजी बुश असतो, त्याला पातळ मशीन ऑइल लागतं. खोबरेल तेल घालतात लोक. थंडीत गोठतं ते.

प्रश्न : पॉलिश आणि रंग कुठे आणि कसा करायचा? मला पितळ चमकवून बॉडी काळी करायचीये.

उत्तर : रंग सगळ्यात शेवटी. आधी महिनाभर पंखा चालवून बघा, मगच पैसे घाला. चकाचक रंगवलेले आणि आतून मेलेले पंखे मी खूप बघितलेत.

काळा करायच्या आधी एका कोपऱ्यात हलकं घासून मूळ रंग बघा. क्रीमखाली कधीकधी तपकिरी भट्टीचा इनॅमल सापडतो आणि तो इतका टिकाऊ असतो की नुसता साबणाच्या पाण्याने आणि कार पॉलिशने उठून येतो. असा सापडला तर कृपा करून काळा करू नका. घासताना कोरडा पॉलिश पेपर वापरू नका, जुन्या रंगांमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, तुमचा पंखा त्याच्या कितीतरी आधीचा. ओला पेपर, मास्क, आणि लहान मुलं घरात असतील तर हे काम गच्चीवर, चिखल पेपरात गुंडाळून टाका.

पावडर कोटिंग करून देणारे भोसरीकडे पुष्कळ आहेत, छान होतं, पण त्याची भट्टी १८०-२०० डिग्रीची असते. फक्त रिकामी झाकणं आणि पाती द्यायची, वाइंडिंग, बेअरिंग आणि रोटरची रिंग असलेला भाग नाही. कोटिंगचा थर स्क्रूच्या आट्यांत आणि बेअरिंगच्या जागेत जातो, तिथे टेप लावून द्या. पितळेला घरी पितांबरी पुरते. खोल डाग किंवा पोचे असतील तर कसबा पेठेत तांबट आळीत विचारा, भांडी घडवणाऱ्या हातांना पंख्याची वाटी म्हणजे काहीच नाही. वर लॅकर मारू नका असं मी सांगते, पिवळं पडतं. पण दर दिवाळीला शिडीवर चढायचा कंटाळा असेल तर मारा.

प्रश्न : वाड्यातला लांब दांड्याचा पंखा आता बाणेरच्या फ्लॅटमध्ये लावायचाय. छत साडेनऊ फूट. दांडा कापून घेऊ का? आणि काळजी काय घ्यायची?

उत्तर : दांडा कापू नका, जपून ठेवा, तो परत मिळत नाही. तेवढ्याच जाडीचा आणि तशाच भोकांचा आखूड दांडा नवा करून घ्या, वेल्डिंगचा जोड न देता. पाती जमिनीपासून निदान आठ फूट वर आणि छतापासून निदान फूटभर खाली हवीत. साडेनऊ फुटांत दोन्ही बसतं, पण तुमच्या पंख्याची बॉडी खोल असेल तर आधी जमिनीवर टेप लावून बेरीज करा.

खरी काळजी टांगण्याची. मला आलेल्या निम्म्या फोटोंमध्ये वाइंडिंग नवं, रंग नवा, आणि शॅकलच्या बोल्टमध्ये स्प्लिट पिनऐवजी वाकवलेला खिळा. पंख्याची थरथर दिवसरात्र नट सैल करायचा प्रयत्न करत असते, तो नट धरून ठेवते ती ही दोन रुपयांची पिन. दांड्याच्या दोन्ही टोकांना बोल्ट नवे, नट, त्यावर लॉक नट, आणि पिन नवी, टोकं दोन्हीकडे पूर्ण उघडलेली. जुनी पिन सरळ करून परत वापरायची नाही, तिथेच तुटते. दांड्याचे आटे गंजलेले असतील तर दांडा बाद.

मग हूक. फ्लॅटमधले हूक किंवा फॅन बॉक्स हल्लीच्या चार-पाच किलोच्या पंख्यांच्या हिशोबाने लोक गृहीत धरतात, तुमचा पंखा त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो, म्हणून आधी पंखा काट्यावर तोला. हूक स्लॅबच्या सळ्यांना अडकवलेला आहे का हे बिल्डरच्या साइट इंजिनिअरला विचारा. फॉल्स सीलिंगला तर काहीच टांगायचं नाही, ते भोक पाडून हूक स्लॅबचाच हवा. विश्वास नसेल तर वाळूचं पोतं भरा, पंख्याच्या चौपट वजनाचं, आणि ते हुकाला दोन दिवस लटकवून ठेवा, खाली कुणी बसायचं नाही. सोसायटीतले लोक विचारतील काय चाललंय, सांगा. शिवाय पोलादी दोरीचा एक वेगळा फास, हुकातून घेऊन खाली मोटरच्या न फिरणाऱ्या मधल्या दांड्याला, म्हणजे आखूड दांड्याचा बोल्ट गेला तरी पंखा खाली येणार नाही.

शेवटी अर्थिंग. जुन्या पंख्याला अर्थची वायर नसतेच. हिरवी वायर शॅकलला किंवा दांड्याला बोल्टखाली पक्की लावा, बॉडीला नाही, बॉडी फिरते. नव्या फ्लॅटमध्ये ३० मिलिॲम्पची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असते आणि तुमचा पंखा लावल्या लावल्या ती पडली तर ती बिघडलेली नाहीये, पंख्यातून बॉडीकडे करंट गळतोय हे ती तुम्हाला सांगतेय. तेव्हा 'हिला बायपास करून टाकू साहेब' म्हणणारा एखादा भेटेलच. त्याला चहा द्या, पाठवा घरी, आणि पंखा उतरवून परत मेगरला न्या.